सुतकात शुद्धलेखन वर्ज्य

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील ज्या नागरिकांना व्हॉट्सअ‍ॅपवर दुसऱ्याचे मराठी सुधारण्याची खोड आहे, त्यांच्या सोयीसाठी ही मार्गदर्शिका काढण्यात येत आहे. लेखक ३२ वर्षे प्राथमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला आहे. लाल पेन शाळेत ठेवून आला, खोड मात्र घरी आणली.

लागणारे साहित्य असे: एक मोबाइल, एक चष्मा, मराठी साहित्य महामंडळाचे अठरा नियम (पहिले चौदा १९६२ चे, उरलेले चार १९७२ चे) आणि असा एक तरी कौटुंबिक ग्रुप, की जिथून तुम्हांला काढून टाकायला कोणी धजणार नाही. शेवटची वस्तू सर्वांत महत्त्वाची. ‘महत्त्व’मध्ये त दोनदा येतो, हे इथेच सांगून ठेवतो.

पहिली पायरी वेळेची. सकाळ उत्तम. तेव्हा गुलाबाच्या चित्राखाली सुविचार येतात आणि ‘आशिर्वाद’, ‘हार्दीक’, ‘उज्वल’ हे तिन्ही गडी एकाच जागी सापडतात. नवशिक्याने इथे हात बसवावा. चित्र पाठवणाऱ्याने ते स्वतः वाचलेले नसते, त्यामुळे तुमची दुरुस्तीही तो वाचत नाही आणि नातेसंबंध टिकून राहतात.

दुखवट्याच्या वेळी मात्र बोट आवरावे. आमच्या ताईला डिचोलीकडे मुळगावला दिले आहे. तिच्या सासरचे एक वृद्ध गृहस्थ वारले. रात्री अकराला बातमी आली आणि पाठोपाठ ४१ जणांची ‘भावपूर्ण श्रध्दांजली’. एकूण एकाने ध आधी मोडून त्याला द चिकटवलेला. मला रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पहाटे राहवले नाही, लिहिले: ‘श्रद्धांजली. द आधी, ध नंतर.’ पाच मिनिटांत ताईचा फोन. मी साठीचा झालो तरी तिच्या लेखी बाबूच. ती एवढेच म्हणाली, ‘बाबू, अजून उचललं नाही रे त्यांना.’

तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे: सुतकात शुद्धलेखन वर्ज्य. बारावे उरकले, गोडाचे जेवण झाले, की मग काय शुद्ध करायचे ते करावे. घाई नसते. ‘शुद्ध’ हा शब्दच लोक ‘शुध्द’ लिहितात, तेव्हा काम कुठे पळून जात नाही.

दुसरी पायरी: गुन्हा माणसाचा की फोनचा, ते ठरवणे. चवथीच्या आठवडाभर आधी धाकट्या भावजयीने ग्रुपवर टाकले, ‘पन्नास नवऱ्या तळून डब्यात भरल्या. मुंबईला कोण जातोय?’ तिने लिहिल्या होत्या नेवऱ्या. फोनच्या कीबोर्डाला करंजी ठाऊक, नेवरी नाही. त्याने आपल्या अकलेने एक मात्रा उडवली. असे दोष दुरुस्त करू नयेत, जपून ठेवावेत. आमच्याकडे आता चवथीला नवऱ्याच तळतात आणि मुंबईची मुले पहिली नवरी कोण खाणार यावर भांडतात.

ऱ्हस्व-दीर्घाबद्दल फार लिहीत नाही. महामंडळाने गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ लिहायला सांगितला आहे. पेडण्यात इब्रामपूर आणि डिचोलीत कारापूर, असे दोन्ही तालुक्यांच्या वाट्याला एकेक उदाहरण आले आहे. न्याय झाला असे मी समजतो. बाकी माझ्या आजोबांच्या चोपड्या मोडीत होत्या आणि मोडीत या ऱ्हस्व-दीर्घाचा वेगळा हिशेब कोणी ठेवत नसे. आजोबांनी त्या लिपीत जन्मभर उधारी लिहिली आणि सगळी वसूल केली. न-णच्या वाटेला तर मुळीच जाऊ नये. ‘पानी’ लिहिणाऱ्याला ‘पाणी’ सुनावणारा मनातल्या मनात आपले घराणे सांगत असतो. मी वर्गात हे वर्षानुवर्षे केले आहे, म्हणून खात्रीने लिहितो.

तिसरी पायरी निसरडी. धाकटा भाऊ गावाहून लिहितो, ‘आई बरी आसा.’ लगेच पुण्याची सूनबाई खाली एक तारा काढून ‘आहे’ लिहिते. आता हे ‘आसा’ म्हणजे ‘असा’ची चूक नव्हे आणि ‘आहे’चीही नव्हे. आई बरी आसा म्हणजे आई बरी आसा. आईला विचारा, ती हेच सांगेल. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी गोवा विधानसभेने राजभाषेचा कायदा संमत केला. त्यानुसार देवनागरीतली कोकणी ही राजभाषा, आणि सरकारी कामासाठी मराठीही चालते. म्हणजे एकाच बाराखडीत दोन भाषा नांदतात. पेडण्यात त्यांच्या मधल्या पडवीत तिसरी बसलेली असते, बांद्या-सावंतवाडीशी घरोबा असलेली. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत आपण नेमके कोणाच्या घरात शिरलो, ते कळत नाही.

मी स्वतः इथे आपटलो आहे. गावच्या ग्रुपवर एकाने ‘तूं’ लिहिले. मी अनुस्वार पुसून दाखवला, वर १९६२ च्या नियमाचा दाखला दिला. तो गृहस्थ कोकणी लिहीत होता आणि कोकणीत तो अनुस्वार हवाच. मी एका भाषेची वही दुसऱ्या भाषेच्या उत्तरपत्रिकेवरून तपासली होती. पुढचे तीन दिवस त्या ग्रुपवर, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही हे ठरवणारा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल नव्याने घेण्यात आला. मुख्यमंत्री बांदोडकरांनी गावोगाव मराठी शाळा काढल्या इथपासून सुरुवात झाली आणि मी मास्तर कोणाच्या पुण्याईने झालो इथे येऊन थांबली. तेव्हा गोव्यात चूक दाखवण्याआधी ती कोणत्या भाषेत चूक आहे, हे लिहिणाऱ्याला नम्रपणे विचारून घ्यावे. बहुतेक वेळा तो ‘बरें’ एवढेच उत्तर देतो. त्यावरचा अनुस्वार मोजू नये.

अनुस्वाराचा विषय निघालाच आहे, तर थोडे गावांच्या नावांबद्दल. मोपा विमानतळावर उतरणारा दिल्लीचा पाहुणा टॅक्सीवाल्याला ‘पर्नेम’ म्हणतो, ‘मांद्रेम’ म्हणतो, आणि आपण हसतो. जरा थांबावे. जुन्या मराठीत ‘पेडणें’, ‘मांद्रें’ असेच लिहीत. कोकणीत अजून लिहितात. पोर्तुगीज कारकुनाने तो नाकातला स्वर ऐकला आणि आपल्या रीतीप्रमाणे शेवटी एम ठेवला. हा एम ओठ मिटून म्हणायचा नसतो, तो नाकासाठी असतो. पुढे १९६२ च्या नियमांनी मराठीतला न उच्चारलेला अनुस्वार हद्दपार केला. म्हणजे आपण घराबाहेर काढलेला अनुस्वार हा दिल्लीकर मोठ्याने उच्चारत गावभर फिरतो. शुद्ध कोण आणि अशुद्ध कोण, हे ठरवायला बसलो तेव्हा माझा चहा थंड झाला.

त्याच कारकुनी परंपरेने पेडण्याच्या ड चा र केला, हळर्णचा ह गिळून ‘अलोर्ना’ केले, हरवळ्याचे ‘आर्वाले’ केले, आणि डिचोलीच्या ड च्या जागी तर सरळ ब आणून बसवला. कोकणी माणूस तिला दिवचल म्हणतो, ते आणखी निराळे. पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. १९६१ साली पोर्तुगीज गेले, त्यांचे स्पेलिंग राहिले. फोनमधली ऑटोकरेक्टची सोय नवी आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी बसवरची पाटी वाचावी.

चौथी पायरी रोमन अक्षरांतल्या मराठीची. इथे ‘आजकालची पोरे’ अशी सुरुवात करण्याचा मोह होतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोलला छापले गेले. मराठी ओव्या, सुमारे अकरा हजार, आणि सगळ्या रोमन अक्षरांत. म्हणजे पोरे करतात तो चाळा गोव्यात चारशे वर्षे मुरलेला आहे. फरक शिस्तीचा. याच स्टीफन्सनी इथल्या भाषेचे व्याकरणही लिहिले, ते १६४० साली छापून निघाले. आजही रोमी कोकणी लिहिणारे ट, ड, ण, ळ दाखवायला अक्षर दोनदा घालतात. तियात्राच्या जाहिरातीवर पाहा. आमच्या धाकट्याला एकदा घालायचाही कंटाळा.

त्याची गोष्ट सांगणे भाग आहे. कोरगावात आमचे वडिलोपार्जित घर, थोडी शेते आणि एक भाट आहे. घाटावरच्या वाचकांसाठी: भाट म्हणजे माडांची बागायत, स्तुती गाणारा नव्हे. थोरले दादा गिरगावात, धाकटा गावी. गेल्या दिवाळीच्या सुमारास धाकट्याने ग्रुपवर रोमनमध्ये दोन शब्द टाकले. पहिला बी-एच-ए-टी, दुसरा ‘विकले’. त्याने भात विकले होते, ज्योती वाणाची पंधरा पोती. दादांनी वाचले, भाट विकले. पिकातले भात नपुंसकलिंगी, भाटही नपुंसकलिंगी. क्रियापदाने काही साक्ष दिली नाही. मुळगावच्या ताईने वाचले, भट विकले. आदरार्थी बहुवचन असेल म्हणून ती गप्प राहिली.

इथे थोडा कायदा. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कुटुंब कायदा गोव्यात अजून चालतो. बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला जमीन विकता येत नाही आणि वारसांचे हिस्से सहसा ‘इन्व्हेंटरी’ म्हणजे वाटणीची कोर्टातली कारवाई झाल्याशिवाय मोकळे होत नाहीत. वडील जाऊन एकोणीस वर्षे झाली, आमची इन्व्हेंटरी अजून व्हायची आहे. भाट विकणे अशक्य, हे दादांना तोंडपाठ होते. पण ते बँकेतून निवृत्त झालेले, लिहिलेल्यावर विश्वास ठेवणारे. आणि लिहिलेले होते ‘विकले’. फोन करून विचारावे, हे त्यांना सुचले नाही. मलाही नाही. मी तेव्हा ‘विकले’ऐवजी ‘विकलं’ चालेल का, यावर दोन ओळी लिहीत होतो.

दादा रात्रीच्या गाडीने निघाले, सकाळी पेडणे स्टेशनवर उतरले आणि जमिनीच्या नोंदीचा, फॉर्म वन-फोर्टीनचा उतारा हातात घेऊन थेट भाटात शिरले. माड मोजले. बावन्न. एकही विकलेला दिसेना. मग घरी आले. ओसरीवर उरलेली पोती रचलेली होती, धाकटा पोत्यावर बसून चहा पीत होता.

दादांनी फोन पुढे केला. ‘हे काय लिहिलंस?’

‘भात.’

‘मग त लिही ना!’

‘तच लिहिलाय रे, दादा. टी.’

‘मग भाट कसं लिहिशील?’

धाकट्याने चहा संपवला. ‘ते विकायची वेळ आली तर फोन करीन.’

मला वाटते, अठरा नियमांत आता एक एकोणिसावा घालायला हरकत नाही. ‘जेवलास?’, ‘निघालो’, ‘खंय पोचलास?’ असल्या मजकुरात पोरांनी र ला ट जोडला तरी मी आता पाहत नाही. ज्याला कळायचे त्याला कळते, तो निघालेला असतो. पण जमीन, मरण आणि लग्न या तीन विषयांत रोमन अक्षरे बंद, स्वतःच्या बोटाने देवनागरी, आणि पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचून पाहायचे. हा ठराव मी कुटुंबाच्या ग्रुपवर मांडला. चौदा जणांनी अंगठा दाखवला. त्यातल्या कोणी तो वाचला असेल, असे मला वाटत नाही.

दादा दोन दिवस राहिले. उकड्या तांदळाची पेज, आंब्याचे लोणचे, राग उतरला. निघताना धाकट्याने त्यांच्या वाट्याची दोन पोती भात बाजूला काढले. सडून, तांदूळ करून पाठवतो म्हणाला. दादांचा गळा दाटून आला. स्टेशनवर गाडीची वाट पाहताना त्यांनी गिरगावला वहिनींना कळवले. चष्मा पिशवीत तळाशी गेला होता, देवनागरीचा कीबोर्ड सापडेना, तेव्हा त्यांनीही रोमनच लिहिले: धाकट्याने माझ्या वाट्याचे बी-एच-ए-टी दिले.

वहिनींचे उत्तर तत्काळ आले, अगदी शुद्ध देवनागरीत.

‘लेखी घ्या.’