लहान हवी

आमच्या घरचं 486 यंत्र 1994 सालचं. अप्पांच्या पावरलूमचा सगळा हिशेब, सूत, बीम, ताके, कारागिरांची मजुरी, त्यातल्या फॉक्सप्रोत. गेल्या चैत्रात त्याच्या हार्ड डिस्कने दोन दिवस टक टक केलं आणि मान टाकली. हिशेब फ्लॉप्यांवर उतरवलेला होता, म्हणून थोडक्यात निभावलं. "जाताजाता नवी डिस्क घेऊन ये," अप्पा म्हणाले. जणू कोथिंबिरीची जुडी!

बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यात एका दुकानात शिरलो. "सगळ्यात लहान हार्ड डिस्क दाखवा."

"पाँच सौ है."

"पाचशेच हवी. पण एमबी."

दुकानदार हळहळला. "भैया, इतना तो आजकल बारात का एक व्हिडियो होता है!"

त्याचं तरी काय चुकलं? आमच्या यंत्राला 40 पिनांची रुंद पट्टी लागते, नव्या डिस्कचं तोंडच वेगळं. शिवाय आमच्या बायोसची गणती 1024 सिलिंडर, 16 हेड आणि 63 सेक्टर इथे संपते. सेक्टर 512 बाइटचा. अप्पांनी चष्मा पुसला आणि सुताच्या बिलामागे पेन्सिलीने गुणाकार मांडला. एकही हातचा न चुकता उत्तर आलं: 52 कोटी 84 लाख 82 हजार 304. "बख्खळ झाले," ते म्हणाले. यापेक्षा मोठी डिस्क लावली तर यंत्र एकतर तिला अर्धवट ओळखतं, नाहीतर तोंड फिरवून बसतं.

मग भंगारवाला. त्याने किलोवर डिस्का दिल्या. पहिली 20 जीबीची, म्हणजे बाद. दुसरी 420 एमबीची, मापात अगदी चपखल. पण घरी आणून लावली, तर तिचीही टक टक सुरू. मूळ डिस्क अजून कपाटात पडून आहे. मुमताजला 1631 साली इथेच तात्पुरतं पुरलं होतं, पण तिला निदान सहा महिन्यांत हलवलं.

शेवटी मावसभाऊ धावून आला. त्याच्या जुन्या कॅमेऱ्यात 512 एमबीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड होतं. ही कार्डं मुळात आयडीईचीच भाषा बोलतात; मधे 40 पिनांचा एक स्वस्त अडॅप्टर लावला की झालं. केबलची लाल कड पहिल्या पिनेकडे हवी, हे मी दोनदा उलटी लावून शिकलो. एफडिस्क, फॉरमॅट, आणि पडद्यावर सी कोलन उमटलं. तारीख मात्र 1 जानेवारी 1980, कारण बायोसची बॅटरीही गेलेली.

अप्पांची आता एकच तक्रार: आवाज नाही, मग चालू आहे हे कळायचं कसं?

आणि हो, त्या कार्डात मावसभावाच्या साखरपुड्याचे फोटो होते. त्याला अजून माहीत नाही. बुऱ्हाणपूरला आलात आणि तो भेटला, तर कृपा करून विषय काढू नका.