ढोलकीचा ताळेबंद

शालेय भूगोलात शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याचे दोन स्वतंत्र तालुके असून पहिल्याचे ठाणे घोडनदीच्या काठी व दुसऱ्याचे भीमेच्या काठी आहे, इतकीच माहिती दिलेली असते. परंतु कमरेला बांधलेली ढोलकी हेच ज्याच्या चरितार्थाचे साधन आहे अशा गृहस्थाच्या नकाशात हे दोन्ही तालुके मिळून एकच महाल होतो, आणि शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्यास जाणारा रस्ता हा त्या महालाचा राजमार्ग ठरतो. उत्तरेस कवठे येमाई आहे, ज्या गावाने बी. के. मोमीन कवठेकर यांच्यासारखा तमाशांना वग आणि गीते पुरवणारा लोककवी दिला. दक्षिणेस चौफुल्याची कलाकेंद्रे आहेत, जेथे संगीतबारीचे दिवे बागाइतदारांच्या औदार्यावर बारमाही तेवत असतात. मध्ये उसाचे फड, गुऱ्हाळांचा धूर आणि आमचा भाचा.

हा भाचा दौंडचा. त्याचे तीर्थरूप, म्हणजे आमचे मेहुणे, रेल्वेतून सेवानिवृत्त झालेले असल्यामुळे, मनुष्याचे आयुष्य वेळापत्रकानुसार चालावे, विलंब होणार असल्यास त्याची आगाऊ सूचना मिळावी आणि अखेरीस निवृत्तिवेतन व सवलतीचा पास हाती पडावा, यापलीकडे त्यांची मोक्षाची कल्पना गेलेली नाही. अशा घरातील चिरंजीवांनी पदवीच्या दुसऱ्या वर्षी ढोलकी हाच आपला व्यवसाय राहील असे जाहीर केले, तेव्हा मेहुण्यांनी त्याला थेट शिरूरला आणून माझ्यापुढे उभे केले. कारण मी कोषागारात अव्वल कारकून होतो, सबब पैशाचे मला सर्व काही कळते, असा आमच्या आप्तवर्गात एक निराधार प्रवाद आहे.

“भाऊसाहेब, वाजवू दे त्याला, मी कुठं नाही म्हणतो? पण त्यात काही कायम स्वरूपाचं आहे का, तेवढं बघा.”

“मामा, कायम काय असतं? तुमच्या कचेरीतला पंखा तरी कायम फिरायचा का?” भाचा म्हणाला.

हा मुद्दा बिनतोड असल्यामुळे मी चहा मागवला आणि वही उघडली.

ढोलकीवाल्याच्या जमाखर्चाची पहिली अडचण अशी, की त्यात जमा आधी आणि नोकरी मागाहून येते. पगारदार मनुष्य महिनाभर खर्डेघाशी करून पहिल्या तारखेस पैसे घेतो. ढोलकीवाला मात्र हंगाम उघडण्यापूर्वीच फडमालकाकडून ‘उचल’ घेतो, ती दसऱ्यापूर्वी खर्चून मोकळा होतो, आणि दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत गावोगावच्या कनातींत ती फेडीत राहतो. पाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांत गावोगावचे पुढारी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येऊन बसतात, आणि चैत्र-वैशाखातील एकेका रात्रीला असा भाव चढतो की त्या दोन महिन्यांत ढोलकीवाल्याला आपण श्रीमंत असल्याचा भ्रम होण्यास पुरेसा अवकाश मिळतो. पुढे पाऊस येतो. आषाढात ढोलकीचे कातडे सैल पडते आणि मालकाची मूठ आवळते. पैकी कातडे शेकून ताणता येते.

कलाकेंद्रातला हंगाम पंचांगावर चालत नाही, तो उसाच्या बिलावर चालतो. न्हावऱ्याचा घोडगंगा आणि पाटसचा भीमा हे दोन कारखाने आमच्या भाच्याच्या कुंडलीतले गुरू-शनी होत. धुराडे पेटले की नाही, पहिला हप्ता कधी सुटणार, उतारा किती पडतो, याची त्याला जी बित्तंबातमी असते ती कित्येक सभासदांना नसेल. कारण सभासदाच्या खिशात बिल पडल्यावाचून बैठकीत दौलतजादा होत नाही, आणि दौलतजादा झाल्यावाचून भाच्याच्या मोटारसायकलीत पेट्रोल पडत नाही. अर्थशास्त्रातील ‘मागणी आणि पुरवठा’ हे प्रकरण मी नोकरीत असताना परीक्षेसाठी पाठ केले होते. ते कळले चौफुल्याला.

खर्चाची बाजू पाहण्यासाठी मी त्याला ढोलकी चढवताना एकदा जवळून न्याहाळले. शिसवीचे खोड मांडीवर आडवे घेऊन तो दोरीतील कड्या एकेक करून सरकवीत होता. कडी सरकली की तर्जनीने शाईच्या पुडीवर टिचकी मारायची, कान खाली न्यायचा, नापसंतीने मान हलवायची आणि पुन्हा तीच कडी अर्ध्या बोटाने मागे आणायची. स्वर टिपेला पोहोचला असे मला चारदा वाटले, त्याला एकदाही वाटले नाही. मग डावीकडच्या धुमाच्या पुडीवर त्याने मनगट असे काही दाबले, की आमच्या ओट्यावरच्या मांजराने जागा सोडली. या कसरतीत पुड्या फाटतात, दोर झिजतात, बोटांना चिकटपट्ट्या लागतात, आणि रात्रभर उभ्याने वाजवणाऱ्याची कंबर चाळिशीपूर्वीच वैद्याच्या हवाली होते. घसाऱ्याचा हा रकाना मी पेन्सिलीने भरला. शाईने भरण्याचे धैर्य झाले नाही.

गणेशोत्सवात तरी चार पैसे सुटावेत, तर पुण्यात ढोल-ताशा पथकांतून अभियंते आणि सनदी लेखापाल विनामूल्य, किंबहुना पदरमोड करून, वाजवतात. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा, असे २००० सालचे ध्वनिप्रदूषणविषयक नियम सांगतात. आणि वगाला रंग चढायची वेळ तर दहानंतरचीच. २०२० आणि २०२१ साली जत्राच भरल्या नाहीत, तेव्हा भाच्याने रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार म्हणून दाब-यंत्रावर काम केले. यंत्र लयीत पक्के आहे, पण समेवर येत नाही, एवढीच त्याची तक्रार होती.

वार्धक्याचा प्रश्न मात्र भाच्याच्या वस्तादांमुळे सुटण्याच्या मार्गास लागला. सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ मिसरूड फुटण्यापूर्वीपासून वाजवत आलेले. यासीन म्हाब्री, लाला गंगावणे ही नावे उच्चारताना ते कानाच्या पाळीला हात लावतात. वृद्ध कलावंतांना शासन दरमहा ५,००० रुपये मानधन देते. त्यासाठी वय ५० पूर्ण, कलेची सेवा किमान १५ वर्षे आणि वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत असावे लागते. शेवटच्या अटीत वस्ताद विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाले. कलासेवेच्या पुराव्यापाशी मात्र दरखास्त अडली. तमाशाच्या भित्तिपत्रकावर नर्तकीचे नाव हातभर, मालकाचे वीतभर, सोंगाड्याचे बोटभर असते, आणि ढोलकीवाला ‘सहकलाकार’ या शब्दाच्या पोटात सुखाने विसावलेला असतो. पुष्कळ ट्रंका उपसल्यावर वर्तमानपत्राचे एक कात्रण सापडले: नर्तकी संपूर्ण, शेजारी ढोलकी, आणि ढोलकीवर कोपरापर्यंतचे दोन हात.

“यात अर्जदार दिसत नाहीत,” कचेरीतील तरुण कारकून अत्यंत सभ्यपणे म्हणाला.

“हात माझंच हायेत, सायेब.”

आता हात वस्तादांचेच आहेत हे कागदोपत्री कसे सिद्ध व्हावे, याचा खल होत असतानाच आधार-पडताळणीच्या यंत्रावर त्यांची बोटे टेकवण्यात आली, आणि यंत्राने एकामागून एक दहाही नाकारली. इतक्या वर्षांच्या वाजवण्यात ठसे पुड्यांवर झिजून गेले होते. याहून सबळ पुरावा मी कोषागारातील साऱ्या नोकरीत पाहिला नव्हता. परंतु तो जोडण्यासाठी अर्जात रकाना नव्हता. प्रकरण डोळ्यांच्या पडताळणीवर आणि सरपंचांच्या दाखल्यावर निभावले.

ते पाहून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी भाच्याने शिरूरच्या एका छापखान्यातून अनुक्रमांक घातलेले पावतीपुस्तक छापून घेतले. आता प्रत्येक सुपारीनंतर तो तारीख, गाव, कार्यक्रमाचा प्रकार आणि मिळालेली बिदागी लिहून त्यावर आयोजकाची सही व शिक्का मागतो. कार्बन-प्रती दौंडला मेहुण्यांकडे जातात, आणि ते तारीखवार लावून ठेवतात. आयोजकांत मात्र या पुस्तकाविषयी भलताच समज पसरला आहे. परवा भीमाकाठच्या एका गावी जत्रा-कमिटीच्या खजिनदारांनी ते पुस्तक पाहताच भाच्याला खुर्ची दिली, चहा दिला, साहेब म्हटले, बिदागी हातावर ठेवली, गेल्या वर्षीची थकबाकीही न मागता चुकती केली, आणि मग त्याला मंडपामागे नेऊन, रकमेचा रकाना तेवढा कोरा सोडा, अशी हात जोडून विनंती केली.