प्लॅटिनम पॅकेज

जुन्नर तालुक्यातल्या एका विकास सोसायटीचा मी सचिव आहे. लोकांचे पीककर्जाचे फॉर्म तपासायचे आणि त्यात खोट काढायची, यावर माझं घर चालतं. सातबारा आहे तर आठ-अ नाही, आठ-अ आहे तर फेरफार जुळत नाही, सगळं जुळतंय तर सही इथं मराठीत आणि बँकेत इंग्रजीत. भल्याभल्या बागायतदारांना मी एका झेरॉक्ससाठी परत पाठवलंय. असा माणूस स्वतःच्या पोरीचा इंजिनिअरिंगचा फॉर्म भरायला दुसऱ्याला पंधरा हजार रुपये मोजतो, याला काय म्हणावं? ते बायकोनं तेव्हाच म्हटलं होतं. छापण्याजोगं नाही.

खूळ मेहुण्यानं घातलं. तो भोसरीला राहतो, चाकणला कंपनीत आहे, आणि पुण्याच्या एवढ्या जवळ असल्यामुळे जगातलं सगळं त्याला आपल्या आधी कळतं अशी आमच्या घरात समजूत आहे. २०२५च्या सीईटीचा निकाल लागला त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला. "दाजी, मार्क पडले म्हणजे ॲडमिशन झालं असं नसतं. खरा खेळ ऑप्शन फॉर्मचा. त्याला माणूस लावावा लागतो." माणूस लावायचा म्हटलं की सहकारात उभं आयुष्य काढलेल्याला लगेच पटतं. आमच्याकडं डीपी जळाली तरी आधी माणूस शोधतात, मग वायरमन.

पोरीला ९१ पर्सेंटाइल होते. माझ्या आईनं वाडीभर '९१ टक्के' म्हणून पेढे वाटले आणि मीही तिला थांबवलं नाही, कारण या दोहोंत फरक असतो हे मला ठाऊक नव्हतं. रात्री जेवताना पोरीनं समजावलं. पीसीएमची सीईटी चार लाखांहून जास्त मुलांनी दिली. ९१ म्हणजे शंभरातली नऊ तिच्या पुढं. मी बोटांवर हिशेब केला. पस्तीस हजारांच्या वर पोरं पुढं! उरलेले पेढे उचलून फ्रीजमध्ये ठेवले.

नारायणगावच्या एका मंगल कार्यालयात 'मोफत प्रवेश मार्गदर्शन शिबिर' होतं. भरवणाऱ्या संस्थेचं नाव घेत नाही. माझ्याकडं त्यांची पावती नाही, त्यामुळे नाव घ्यायचा हक्कही नाही. स्टेजवर आदल्या लग्नातली थर्माकोलची अक्षरं तशीच होती, त्यातला 'शुभ' पडला होता आणि 'विवाह' राहिला होता. त्याखाली भर जुलैत ब्लेझर घालून सर उभे. पहिला अर्धा तास त्यांनी आम्हाला नुसतं घाबरवलं. एक पर्याय चुकला की चार वर्षं गेली. तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात, ते कोणत्या क्रमानं लावायचे यात सगळी विद्या आहे. मग पडद्यावर कटऑफ आले. एकेका चौकोनात वर मेरिट नंबर, खाली कंसात पर्सेंटाइल, आणि डोक्यावर जीओपीईएनएच, एलओपीईएनएस असली अक्षरं. ती मला पहिल्यांदा औषधांची नावं वाटली. जी म्हणजे जनरल, एल म्हणजे लेडीज, शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, हे पोरीनं कानात सांगितलं. सर सांगतील म्हणून मी वही उघडून बसलो होतो.

माझ्या शेजारी टोमॅटोवाला एक शेतकरी होता. त्याचा अर्धा जीव कार्यालयात, अर्धा मार्केटला उतरलेल्या मालात. तो उभा राहिला. "सर, हे सगळे भाव गेल्या सालचे. यंदाचे कुठं हायेत?"

सभागृह हसलं, सरही हसले. मी सोडून सगळ्यांना प्रश्न कळला होता. २०२३च्या जुलैत नारायणगावात टोमॅटोचं वीस किलोचं कॅरेट दोन हजारांच्या वर गेलं. ते बघून पुढच्या लागवडीला ज्यानं त्यानं टोमॅटो लावला आणि दोन महिन्यांत भाव असा कोसळला की माल रस्त्याकडेला ओतायची पाळी आली. गेल्या सालच्या भावावर यंदाचा माल विकत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला कळतं. कटऑफचंही तेच. कुठल्या शाखेकडं पोरांचा लोंढा वळला, पेपर किती सोपा निघाला, जागा किती वाढल्या, यावर तो वरखाली होतो. गेल्या सालचा आकडा अंदाजाला ठीक, पण तो तर सीईटी सेलच्या साइटवर फुकट पडलेला असतो. सर म्हणाले, "त्यासाठीच आमचा अनुभव." आणि पॅकेज सांगायला लागले.

सिल्व्हरमध्ये पर्यायांची यादी, गोल्डमध्ये यादी आणि एक भेट, प्लॅटिनममध्ये यादी, भेटी, कागदपत्रांची तपासणी आणि 'सरांचा पर्सनल नंबर'. मी प्लॅटिनम घेतलं. पन्नास हजारांच्या कर्जाला दोन जामीनदार मागणारा मी, पंधरा हजार फोनवरून पाठवून मोकळा झालो. मेहुणा पाठीवर थाप मारून म्हणाला, "दाजी, आता झोपा निवांत." झोप खरंच लागली. त्या पंधरा हजारांतले निदान दोनेक हजार त्या झोपेचे धरायला माझी हरकत नाही.

पोरीला काय हवं होतं ते विचारायचं राहूनच गेलं होतं. खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आमच्यापासून लांब नाही. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिशा. चौदा मध्यात, बाकीच्या तीन दिशांना पांगलेल्या. दर २८ फेब्रुवारीला तिथं विज्ञान प्रदर्शन भरतं. पोरगी शाळेबरोबर तिथं गेली तेव्हापासून तिच्या डोक्यात अँटेना होते. तिला ई अँड टीसी हवं होतं. "कॉम्प्युटर का नको?" मी सरांचं वाक्य सरांच्याच आवाजात म्हटलं. "पप्पा, ते सगळे घेतात." हे कारण मला तेव्हा फालतू वाटलं. टोमॅटोवाल्यानं तेच सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती.

पुण्याला पहिली भेट. चाकणच्या कोंडीत एवढा वेळ गेला की मेहुणा कंपनीतून सुटून आम्हाला वाटेत चहा पाजून गेला. ऑफिसात सर नव्हते, शिबिराला बाहेरगावी होते. टेबलामागं विशीतला एक मुलगा. पोरीनं गप्पांत काढून घेतलं की तो स्वतःच इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सुट्टीत इथं बसतो. त्यानं लॅपटॉप फिरवून यादी दाखवली. एकशेवीस पर्याय, निळे-हिरवे रकाने. मला भरून आलं. एवढी सुबक यादी आमच्या सोसायटीच्या ताळेबंदाचीही नसते.

पोरीनं ती बसमध्येच वाचून काढली आणि रात्री शेजारच्या पोराच्या यादीशी ताडून बघितली. त्यांनीही प्लॅटिनमच घेतलं होतं. दोन्ही याद्या अक्षरन् अक्षर सारख्या. इतक्या सारख्या, की कर्वेनगरचं फक्त मुलींचं कॉलेज त्या पोराच्या यादीतही सत्ताविसाव्या नंबरला होतं. त्याचे वडील म्हणाले, "असंल काहीतरी कोटा." मीही म्हणालो, असेल. दोन बापांनी मिळून पोराला मुलींच्या कॉलेजात घालायची तयारी दाखवली, पण यादीवर शंका घेतली नाही.

पण ते हसण्यावारी गेलं. पहिल्या नंबरावरचा पर्याय हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तिथं एक खाजगी कॉलेज होतं, 'सेफ' म्हणून. पोरगी फोनवर नियम उघडून बसली. त्या साली प्रवेशाच्या चार फेऱ्या, म्हणजे कॅप राउंड, होत्या आणि नियम असा : पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, तर तो आपोआप गोठतो. घ्यावाच लागतो, पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी मिळाला तरी तसंच. संगणक यादी वरून खाली वाचतो आणि आपल्या मेरिटला जे पहिलं बसतं ते देतो. मोठं कॉलेज वर लिहिलं म्हणून खालचं हुकत नाही. पण नको असलेलं वर लिहिलं, तर तेच पदरात पडतं. म्हणजे तीनशे पर्यायांची सगळी विद्या एका ओळीत बसते : जे सगळ्यात जास्त हवं ते वर, त्यापेक्षा कमी हवं ते त्याखाली. ही एक ओळ सरांनी सांगितली असती, तर मंगल कार्यालयाचं भाडंसुद्धा निघालं नसतं.

दुसऱ्या भेटीला खुद्द सर होते. यादीबद्दल विचारलं तर ते यादीकडं वळलेच नाहीत. पोरीला सोडून माझ्याकडं बघत म्हणाले, "दादा, तुमचं बजेट काय?" व्यवस्थापन कोट्यातली एक जागा त्यांच्या माहितीत होती, कॉम्प्युटरची, पक्की. खाजगी कॉलेजांत वीस टक्के जागा संस्था पातळीवर भरतात आणि त्यासाठी माणसं फिरतात, एवढं मला ऐकून माहीत होतं. देणगी घेऊन प्रवेश द्यायला महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे देणगी हा शब्द कुणी काढत नाही. सरांनीही काढला नाही. फी काय पडेल ते सांगितलं. मी मनातल्या मनात कांद्याची चाळ विकायला काढली होती.

"सर," पोरगी म्हणाली, "कॅप राउंडमधून गेले तर माझी ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ आहे. ८ जुलै २०२४ चा जीआर. एसईबीसी, ईडब्ल्यूएस, ओबीसीच्या मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. कोट्यातून गेले तर ती माफी जाते."

सर म्हणाले, "ते तुम्ही बघून घ्या." माझ्याकडं कुणी बघितलं नाही, हे बरं झालं. जीआर वाचणं हा माझा पेशा आहे. पीकविम्याचा, कर्जमाफीचा, पुनर्गठनाचा, प्रत्येक जीआर मी शुद्धिपत्रकासकट पाठ करतो. पोरीच्या फीचा जीआर वर्षभर राज्यभर गाजत होता आणि मला तो प्लॅटिनम पॅकेजच्या खुर्चीत बसून पोरीच्या तोंडून ऐकावा लागला.

येताना बसमध्ये मी सरांच्या बाजूनं विचार करून बघितला, कारण पंधरा हजार त्यांच्या बाजूला होते. असली सेवा कुणाला तरी लागत असेलच ना? लागते. आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या मागं, ठाकर आणि महादेव कोळ्यांच्या वाड्यांवर फोनला रेंज मिळवायला टेकडीवर चढावं लागतं. तिथल्या पोराचा प्रवेश कटऑफवर अडत नाही, जात पडताळणीच्या एका कागदावर अडतो. त्याला कुणीतरी महिनाभर आधी सांगायला हवं, की बाबा, अर्ज आत्ताच कर. घोडेगावला आदिवासी प्रकल्पाचं कार्यालय आहे, आश्रमशाळेचा एखादा मास्तर जीव तोडून हे काम करतो, आणि ते फुकट असतं. सरांचं शिबिर तिकडं कधी जात नाही. ते नारायणगाव आणि मंचरला होतं, जिथं बापाच्या खिशात टोमॅटोचे पैसे आणि घरात बारावीपर्यंत शिकून शहाणी झालेली पोरगी असते.

पर्याय भरायची शेवटची रात्र. पोरीनं स्वतःच्या सतरा पर्यायांची यादी केली होती. सतरा! तीनशेची परवानगी असताना सतरा म्हणजे मला दारात आलेली सवलत परत पाठवल्यासारखं वाटलं. मी पर्सनल नंबर लावला. भक्तिगीत वाजलं, पुन्हा लावला, पुन्हा तेच भक्तिगीत. आमच्या ओट्यावर मी फोन कानाला लावून उभा, टाळ तेवढे कमी होते. तेवढ्यात आतून आवाज आला, "पप्पा, कन्फर्म केलं." मी म्हणालो, "सरांना विचारल्याशिवाय?" बायको म्हणाली, "सरांचं भजन आटोपलं की सांगा."

दुसऱ्या फेरीत पोरीला जागा लागली. शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय, अवसरी खुर्द. ई अँड टीसी. २००९ पासून हे सरकारी कॉलेज मंचरच्या शेजारी उभं आहे. पुण्याला सल्ला घ्यायला जाताना आणि सल्ला घेऊन येताना आमची एसटी दर वेळी अवसरी फाट्यावरून गेली. एकदा तर कंडक्टरनं "अवसरीऽऽ" म्हणून हाळी दिली तेव्हा मी सरांच्या यादीतून मान वर केली आणि परत खाली घातली. त्या एकशेवीस पर्यायांत अवसरीची ई अँड टीसी नव्हती. मेहुण्याचा फोन आला. "दाजी, बघा, माणूस लावला म्हणून झालं."

ऑगस्टात नारायणगावला बाजारात गेलो तर चौकात दहा बाय पंधराचा फ्लेक्स. 'आमचे यशस्वी विद्यार्थी.' तिसऱ्या ओळीत आमची पोरगी, खाली 'शासकीय अभियांत्रिकी, अवसरी', त्याखाली 'अचूक मार्गदर्शनाचे फळ'. फोटो मीच दिलेला, कागदपत्रांच्या तपासणीसाठी. तपासणी झालीच नव्हती, फोटो मात्र जपून ठेवला होता. मी तणतणत घरी आलो. आई म्हणाली, "फोटो कसा आलाय?" आणि रिक्षा करून बघून आली. येताना पेढेही घेऊन आली, आणि पुन्हा '९१ टक्के'.

शिबिराचा हंगाम संपला, फ्लेक्स उतरवायला दोन पोरं आली तेव्हा मी योगायोगानं तिथंच होतो. पन्नास रुपये देऊन फ्लेक्स मागून घेतला. पावसाची झड होती आणि कांद्याच्या चाळीचं एक तोंड उघडं पडलं होतं. घट्ट ताणून बांधला. एक थेंब आत येत नाही, माल चांगला जाड लावलाय. संध्याकाळी बायको चाळीपाशी आली, यशस्वी विद्यार्थ्यांकडं बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, गोल्ड घेतलं असतं तर दुसऱ्या तोंडालाही पुरला असता का?"