इरादा आहे का?

परवा मोशीतल्या आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत एका फ्लॅटधारकाचं भारतीयत्व काढून घेण्यात आलं. विषयपत्रिकेवर तो विषय नव्हता. विषय टँकरच्या बिलाचा होता. पण टँकरवरून गाडी पार्किंगवर गेली, पार्किंगवरून बी विंगमधल्या कायम बंद असलेल्या फ्लॅटवर, आणि आमच्या मजल्यावरचे काका उभे राहिले. त्या फ्लॅटचा मालक चाकणच्या कंपनीतून श्टुटगार्टला गेला, त्याला अकरा वर्षं झाली. काका म्हणाले, "सात वर्षं बाहेर राहिलं की नागरिकत्व जातं. कायदाच आहे. त्याला कसलं मत देताय?" सेक्रेटरींनी ते इतिवृत्तात उतरवूनही घेतलं. सोसायटीत मत द्यायला शेअर सर्टिफिकेट लागतं, पासपोर्ट नाही, हे कुणीच म्हणालं नाही. चहा आला होता.

मी घरी येऊन कायदा उघडला. नागरिकत्व कायदा, 1955. जन्माने भारतीय असलेला माणूस श्टुटगार्टात चाळीस वर्षं राहिला, तिथे म्हातारा झाला, तिथल्या बाल्कनीत तुळस लावून मेला, तरी नुसत्या तिथे राहण्याने त्याचं भारतीयत्व जात नाही. पण स्वखुशीने तिथलं नागरिकत्व घेतलं, की कलम 9 प्रमाणे खेळ खलास. जर्मनी 27 जून 2024 पासून म्हणतेय, जुनं ठेवा आणि आमचंही घ्या, पाच वर्षं राहिलात तरी पुरे. आपण म्हणतो, दोन्ही डगरींवर हात चालणार नाही. मग पासपोर्ट जमा करा, फी भरा, रद्द करून घ्या आणि वाटल्यास एक कार्ड मिळवा. त्या कार्डावर 'सिटिझन' असं छापलेलं असतं. ते दाखवून मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. नागरिक नसल्याचा पुरावा म्हणून नागरिक लिहिलेलं कार्ड! हे ज्याला सुचलं, त्याने नक्कीच कधीतरी सोसायटीचं सेक्रेटरीपद भूषवलं असणार.

काकांची सात वर्षं मात्र खरी निघाली. ती कलम 10 मध्ये आहेत, फक्त काकांना वाटतात त्या माणसासाठी नाहीत. ज्यांनी अर्ज किंवा नोंदणी करून आपलं नागरिकत्व मिळवलं, त्यांच्यासाठी, त्यांतल्याही काहींना वगळून. असा माणूस सलग सात वर्षं परदेशात राहिला, तिथे शिकायला नव्हता, सरकारी चाकरीत नव्हता, तर सरकार त्याचं नागरिकत्व काढून घेऊ शकतं. सुटकेचा एक मार्ग: दरवर्षी भारतीय वकिलातीत जाऊन, भारतीय राहण्याचा आपला इरादा नोंदवायचा.

इरादा! दोन दिवस झाले, मी या शब्दातून बाहेर आलेलो नाही. पेन्शनर मंडळी नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतात, तसा हा इराद्याचा दाखला. खिडकीपलीकडचा कारकून काय विचारत असेल? "गेल्या वर्षी होता, यंदा आहे का?" आणि माणूस घरून कोरा इरादा घेऊन आला आणि रांगेत उभा राहून राहून तिथेच तो बदलला, तर?

पण मला खटकतं ते वेगळंच. इरादा फक्त बाहेर राहणाऱ्यालाच का विचारायचा? इथे राहणाऱ्याला विचारा की! चाकणच्या तळेगाव चौकात खिडकी उघडा. गर्दीची काळजी नको, गर्दी तिथे आधीच उभी आहे. सेकंड शिफ्टच्या बसमध्ये बसलेला लातूरचा टर्नर घ्या. कंपनीत आठ तास, चौकात दोन, भोसरीच्या खोलीत उरलेले. कायद्याच्या भाषेत त्याचं 'सर्वसाधारण वास्तव्य' नेमकं कुठे आहे? वीस वर्षं झाली, रेशनकार्ड गावाकडे, मत गावाकडे, दिवाळी गावाकडे. इथले लोक त्याला अजून विचारतात, "तुम्ही मूळचे कुठले?" आणि गावी गेला की पोरं म्हणतात, "पुण्याचे पाहुणे आले." त्याने कुठली शपथ घेतली नाही, कुठलं कार्ड मागितलं नाही, आणि दोन्हीकडून परदेशी झाला. कुठल्या वकिलातीत जायचं त्याने? आणि त्याच रस्त्याच्या कडेला, कंपनीच्या गेटवर शिट्टी घेऊन जो वॉचमन उभा आहे, त्याला विचारा. गेटच्या आत त्याच्या आजोबांचं ज्वारीचं वावर होतं. थोडं कंपनीपट्ट्यात गेलं, उरलेलं वडिलांनी गुंठ्यागुंठ्याने विकलं. शेवटचा गुंठा गेला आणि तो बिगरशेतकरी झाला. आता महाराष्ट्रात कुठे एकर घ्यायचं म्हटलं तरी परवानगीशिवाय घेता येणार नाही, कारण तो शेतकरी नाही! हा माणूस गाव सोडून एक दिवस बाहेर राहिलेला नाही. त्याच्या विहिरीवर वर्कशॉप उभं राहिलं, त्याच्या लहानपणच्या इंद्रायणीला साबणासारखा फेस यायला लागला, तेव्हा तुझा इरादा काय, असं एकाही साहेबाने, एकाही पुढाऱ्याने, प्लॉटिंगवाल्याच्या एकाही एजंटाने विचारलं नाही. अंगठा कुठे करायचा, ते मात्र सगळ्यांनी दाखवलं.

आणि तो श्टुटगार्टवाला? त्याचा पासपोर्ट अजून निळाच आहे. गेल्या वर्षी त्याची आई वारली. वारसनोंद लागली आणि खेड तालुक्यातल्या दीड एकरावर त्याचं नाव चढलं. म्हणजे बर्फात स्वेटर घालून बसलेला तो सातबाऱ्याप्रमाणे खातेदार शेतकरी आहे, आणि उद्या शपथ घेऊन जर्मन झाला तरी वारसाने आलेली ती जमीन त्याच्याकडे राहू शकते. देश सुटेल, सातबारा सुटणार नाही. बांधावरून भांडायला तो व्हिडिओ कॉलवर हजर असतो.

हे सगळं मी सेक्रेटरींना समजावून सांगितलं. त्यांना त्यातलं एकच आवडलं. काल लिफ्टशेजारी दोरी बांधून एक वही टांगली आहे: 'सोसायटीत राहण्याचा इरादा, सन 2025-26'. पहिली सही काकांची, लफ्फेदार, खाली दोन रेघा. सहीपुढच्या रकान्यात मेंटेनन्सची थकबाकी लिहायची आहे. काकांनी तो रकाना कोरा सोडला होता, तो सेक्रेटरींनी लाल पेनाने भरला: चौदा महिने. बी विंगच्या बंद फ्लॅटपुढे सही नाही. थकबाकीच्या रकान्यात शून्य आहे.