चिरूट पेटविण्याची रीतसर कार्यवाही

मनुष्य स्वतःच्या मुखातून धूर का काढतो, या प्रश्नाविषयी शास्त्रज्ञांत कितीही मतभेद असले, तरी तो घाईने काढू नये याविषयी जगातील सर्व जाणत्या धूम्रपींचे एकमत आहे. या मताचे आमच्या अंबाजोगाईतील अधिकारी भाष्यकार म्हणजे आळीतले एक सेवानिवृत्त पेशकार. निजामी अमदानीत गावाला मोमिनाबाद म्हणत, हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी येथे असे, आणि गोऱ्या साहेबांचा चिरूट त्या वेळी गावाने लांबून पाहिला असावा. साहेब गेले, छावणी उठली, १९४८ च्या सप्टेंबरात संस्थानही खालसा झाले. पेशकारसाहेबांची कार्यपद्धती तेवढी अबाधित राहिली.

मद्रासकडे नोकरीस असलेल्या जावयाने त्रिचनापल्लीचे चिरूट धाडले, की जेवणोत्तर एकेकाची पेशी निघे. चिरूट कानाशी धरून बोटांनी हलकेच दाबायचा. करकरला तर सुका, सबब नामंजूर. हवानाच्या सिगारचे डोके बंद असल्याने त्याची टोपी धारदार पात्याने छाटावी लागते. चिरुटाची दोन्ही टोके उघडी, त्यामुळे ते कलम येथे लागू नव्हते. पेट्रोलच्या लायटरला सक्त मनाई, कारण त्याचा वास झुरक्यात उतरतो. काडी ओढल्यावर गंधकाचा दर्प उडून जाईपर्यंत थांबायचे, मग ज्योतीचा स्पर्श न होऊ देता टोक तिच्यावर सावकाश फिरवीत शेकायचे, आणि कड चोहोबाजूंनी सारखी लाल झाल्यावरच पहिला झुरका घ्यायचा. एवढ्यात दोन-तीन काड्या खर्ची पडत आणि शेजारी अधीरपणे विचारीत, "साहेब, पेटला का?" त्यावर उत्तर येई, "तूर्त विचाराधीन आहे."

पुढील नियमही तितकेच कडक होते. धूर छातीत न्यायचा नाही, तोंडात घोळवून सोडायचा. झुरका मिनिटाला एखादाच, कारण घाई केल्यास चिरूट तापून कडवट होतो. राख उगाच झटकायची नाही. आणि शेवटी त्याला चुरडून विझवायचे नाही, आपोआप पेन्शनीत जाऊ द्यायचे.

या साऱ्या थाटाची खरी परीक्षा पिंपळाच्या पारावर होई. तेथे एखादा शेतकरी चंचीतली तंबाखू तळहातावर मळी, ती निसटून तोंडात येऊ नये म्हणून चिलमीत खडा टाकी, धूर थंड व्हावा म्हणून भिजवून पिळलेली छापी बुडाशी गुंडाळी, आणि चकमकीची ठिणगी कापसावर झेलून फुंकर घाली. विलंबाच्या बाबतीत हा विधी तसूभरही उणा नव्हता. शिवाय चिलीम पेटल्यावर हातोहात फिरे. एकदा एका म्हाताऱ्याने चिरुटाची आराधना पुरती पाहून विचारले, "साहेब, एवढी उस्तवारी, अन् ओढनारे तुमी एकलेच व्हय?" पेशकारसाहेबांनी प्रश्न दप्तरी दाखल करून घेतला, निकाल दिला नाही.

इतिहासाचा आधार मात्र ते तत्परतेने देत. बादशाही वकील असद बेगाने १६०४-०५ च्या सुमारास विजापुराहून तंबाखू व रत्नजडित नळी नेऊन अकबरापुढे ठेवली; बादशहाने थोडे झुरके घेतले आणि हकिमाने हरकत घेतली. पेशकारसाहेब याचा अर्थ असा लावीत, की दख्खनने अर्ज केला, हकिमाने प्रतिकूल शेरा मारला, जहांगिराने १६१७ साली मनाईचा हुकूमही काढला, परंतु अंमलबजावणीची मिसल अद्याप फिरतेच आहे.

ती अखेर त्यांच्याच दारी पोचली. छातीचा खोकला हटेना, तेव्हा डॉक्टरांनी चिरूट बंद करण्यास फर्मावले. आम्हांस वाटले, आता साहेब खचणार. परंतु त्यांनी कानाशी धरणे, दाबून पाहणे, काडीचा दर्प जाऊ देणे, टोक ज्योतीपासून बोटभर दूर धरून फिरविणे ही सर्व कार्यवाही पूर्ववत चालू ठेवली आणि पेटविणे तेवढे बेमुदत तहकूब केले. मुद्रेवरील समाधानात रतिमात्र फरक पडला नाही, खोकला गेला, आणि कागदोपत्री पाहता त्यांनी धूम्रपान कधीच सोडले नव्हते.