सांडलवंड

आमच्या घरी काही सांडलं तर ओरडा बसायचा नाही. पुसायला उशीर झाला तर बसायचा. दूध असो, आमटी असो, देवघरातलं तेल असो, ओघळ फरशीच्या सांध्यापर्यंत पोचायच्या आत आईनं भिरकावलेलं फडकं माझ्या अंगावर येऊन पडलेलं असे, आणि पुढचं कुणाला सांगावं लागत नसे. बाकी कशात नसली तरी फडकं मारण्यात माझी गती होती. याच जोरावर मी संसार रेटला आणि याच जोरावर नाशिकच्या एका पॅथॉलॉजी लॅबची अब्रू जवळजवळ घालवली.

तिथं मी हिशेब बघतो. रक्ताशी माझा संबंध बिलापुरता. पण वरून तपासणी येणार होती, प्रत्येक खात्यातला एकेक माणूस ‘स्पिल’च्या प्रशिक्षणाला बसवायचा होता, आणि हिशेबखात्यात मी एकटाच असल्यामुळे माझी एकमतानं निवड झाली. शिवाय स्पिल किट माझ्याच कपाटात ठेवलं होतं, कारण कुलूप लागणारं कपाट तेवढं एकच.

स्पिल किट म्हणजे झाकणाचा एक डबा. त्यात हातमोजे, मास्क, चष्मा, एप्रन, जाड टिपकागद, लांब चिमटा, पिशव्या आणि हायपोची बाटली. हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, एक टक्क्याचं, रोज सकाळी ताजं करायचं. कालचं आज दमलेलं असतं, माझ्यासारखंच. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी रीत सांगितली, ती ऐकून मी चाटच पडलो. रक्त सांडलं की म्हणे पुसायचं नाही. आधी माणसं बाजूला करायची, हातमोजे चढवायचे, सांडल्यावर कागद अंथरायचा, त्यावर कडेकडेनं आत असं हायपो ओतायचं आणि मग अर्धा तास हाताची घडी घालून उभं राहायचं. अर्धा तास! तेवढ्यात आईनं अख्खं घर सारवून काढलं असतं.

माझा चेहरा बघून मॅडमनी हाफकिन आणि मुलकोवालची गोष्ट सांगितली. हाफकिन म्हणजे मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःलाच टोचून घेणारे. परळची संस्था त्यांच्याच नावाची. १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावी त्यांच्या लशीच्या एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं गेली. बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. पण ठपका बसला हाफकिनवर, आणि तो धुऊन निघायला १९०७ उजाडलं. “एक चिमटा पडला, काका. नुसता एक चिमटा,” मॅडम माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या. मी गंभीरपणे मान डोलावली. लक्ष समोशांच्या ताटाकडे होतं.

मग तो शनिवार. टेक्निशियन ताई फोनवर, मामा चहा आणायला गेलेले, आणि नळ्यांचा स्टँड आत पोचवायचा राहिलेला. मी म्हटलं, एवढ्याशा कामाला कुणाला कशाला हाक मारायची? एका हातात व्हाउचरं, दुसऱ्यात स्टँड, अशा थाटात मी कोपरानं दार ढकलू लागलो आणि ते ढकलता ढकलेना, म्हणून खांदा लावला, खांद्यानं होईना म्हणून पाय लावला, आणि मी असा एका पायावर उभा असताना पलीकडून मामांनी किटलीसकट दार माझ्या दिशेनं उघडलं. ते ओढायचं दार होतं.

नळ्या बहुतेक प्लॅस्टिकच्या. जांभळ्या टोप्यांच्या, करड्या टोप्यांच्या, टणाटण उड्या मारत टेबलाखाली गेल्या. काचेची एक होती. ती फुटली.

रक्त असेल चमचाभर, पण पांढऱ्या फरशीवर चमचाभर रक्तही फार दिसतं. “काका, हात नका लावू!” ताई ओरडल्या, तोवर मी रुमाल काढून उकिडवा बसलोसुद्धा होतो आणि मोठी काच उचलून, चमचाभराचं परातभर करून ठेवलं होतं. मग किट आठवलं. किटला कुलूप. कुलपाची किल्ली स्कूटरच्या डिकीत. स्कूटर सर्व्हिसिंगला गंगापूर रोडवर.

ताईंनी बाकावरचं हायपो आणून दिलं. मी ते मधोमध ओतलं, ते कडेला पळालं, निम्मं माझ्या काळ्या पँटवर उडालं (तिच्यावर आता नारिंगी ठिपके आहेत आणि बायकोचा त्यांच्यावर डोळा आहे), आणि एवढ्यानं काय होणार असं वाटून मी संडासातलं फरशीचं अ‍ॅसिडही मगभर आणून वर ओतलं. हायपोत अ‍ॅसिड पडलं की क्लोरीन सुटतो. २२ एप्रिल १९१५ ला जर्मनांनी बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर हाच वायू सोडला, तर त्यांना हजारो नळकांडी लागली होती. मी एका मगात भागवलं.

राज्यभरच्या डॉक्टरांचं विद्यापीठ १९९८ पासून ज्या शहरात आहे, त्या शहरात आमचे उपाशीपोटी आलेले सगळे पेशंट नाकाला रुमाल लावून फूटपाथवर उभे होते. एक आजोबा खोकत खोकत विचारत होते, “म्हणजे छातीची तपासणी झाली का माझी?”

तेवढ्यात बोटातून रक्त येतंय, हे माझ्या लक्षात आलं. बोट कापलं की ते कुठं जातं, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. ते ओठांपाशी पोचलं होतं, आणि मॅडम अशा काही किंचाळल्या की समोरच्या चहावाल्यानंही स्वतःचे हात खाली घेतले.

मग साबण आणि वाहतं पाणी. पिळायचं नाही, चोखायचं नाही, वर स्पिरिट-हायपो काही ओतायचं नाही. फॉर्म आला. हिपॅटायटिस बी ची लस? तीन डोस असतात. मी पहिला घेऊन बाकीचे मार्चअखेरीनंतर बघू म्हणून ठेवले होते, कुठल्या मार्चअखेरीनंतर ते ठरवलं नव्हतं. मॅडम आकडे सांगत गेल्या: रक्त बाधित असेल तर लस नसलेल्याला बी ची कावीळ शंभरात तीस जणांपर्यंत, सी ची दोघांच्या आत, एचआयव्ही हजारात तिघांना. औषध लागलंच तर शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करायचं, आणि २८ दिवस घ्यायचं. जन्मभर आकड्यांत वावरलो, पण आकडे असे अंगावर कधी आले नव्हते. मनातल्या मनात मी विम्याचे हप्ते मोजू लागलो. एक थकला होता.

“सगळं आता सोर्सवर आहे,” मॅडम म्हणाल्या. म्हणजे रक्त कुणाचं, त्यावर. ताईंनी चिमट्यानं एकेक काच उचलून निळ्या डब्यात टाकली, कागद आणि माझा रुमाल पिवळ्या पिशवीत गेला, आणि शेवटच्या काचेवर चिकटलेलं लेबल त्यांनी उजेडात धरलं. मग मॅडमना दाखवलं. मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. माझे पाय गळाले.

“काका,” त्या म्हणाल्या, “सकाळी कोलेस्टेरॉलला तुम्हीच रक्त दिलं होतंत ना?”

फॉर्म तरीही पूर्ण भरून घेतला. बाधित व्यक्ती: मी. सोर्स: मी. लशीचा दुसरा डोस तिथंच दंडात गेला, आणि सोमवारी पुन्हा उपाशीपोटी या, रविवारची मिसळ बंद, असं बजावण्यात आलं. फुटलेली नळी कुणाच्या नावे टाकायची, हा प्रश्न हिशेबखात्याकडे आलाय. त्यावर माझा विचार चालू आहे.