हलकं सामान

पाठीवरचं सामान ग्रॅममध्ये मोजणाऱ्यांचा एक पंथ आहे. अमेरिकेत त्याचे अनुयायी पुष्कळ, आणि डेन्व्हरला राहणारा माझा भाचा त्यातला माळकरी. ही मंडळी टूथब्रशची दांडी अर्धी कापतात, शर्टाच्या मानेवरचं लेबल उसवतात, नकाशाचा कोरा समास कातरून टाकतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोज्यांचा जोड ठेवून आकड्याकडे रोखून बघणारा भाचा पाहिला आणि मला आमच्या वेळच्या सह्याद्रीतल्या सॅका आठवल्या. रॉकेलचा स्टोव्ह, पातेलं, तांदूळ, कांदे-बटाटे. एकाने तर हरिश्चंद्रगडावर खलबत्ता आणला होता. वजन मोजायची आमची पद्धत सोपी होती : सॅक उचलताना तोंडातून कोणता शब्द बाहेर पडतो ते ऐकायचं.

‘‘मामा, तुझी ही पँट चारशे ग्रॅमची आहे,’’ भाचा म्हणाला. डॉक्टर ज्या आवाजात साखरेचा आकडा सांगतात त्या आवाजात. पँट मी ठेवली. माझी बहीण, म्हणजे त्याची आई, हे सगळं ओट्यापाशी उभी राहून बघत होती. काही बोलली नाही. पण माझ्या स्लीपिंग बॅगच्या पोटात धपाट्यांची चवड आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा कधी गेला हे काट्याला कळलं नाही आणि माझ्या तर पाठीलाच कळलं.

जायचं होतं कोलोरॅडोतल्या ग्रेट सँड ड्यून्स नॅशनल पार्कमध्ये एका रात्रीसाठी. वाळूचे डोंगर म्हटलं की आपल्याला राजस्थान आठवतं, उंट आठवतो. इथे उंट नाही आणि गाडी लावायची जागाच कळसूबाईच्या माथ्याहून सुमारे आठशे मीटर उंच. मागे सांग्रे दे क्रिस्तो नावाची बर्फाची शिखरं, पुढे सान लुईसचं सपाट खोरं, आणि दोहोंच्या सांदीत वाळूचा हा ढीग. त्यातली सगळ्यात उंच टेकडी सव्वादोनशे मीटरांची, म्हणजे तीन कुतुबमिनार एकावर एक. उत्तर अमेरिकेत एवढी उंच वाळूची टेकडी दुसरी नाही.

एवढी वाळू इथे जमली कशी आणि जमली ती टिकली कशी, हे कळल्यावर मला या जागेबद्दल आपुलकी वाटायला लागली. खोऱ्यात पूर्वी मोठं तळं होतं. ते आटलं, तळाची वाळू उघडी पडली. नैऋत्येचा वारा ती ढकलत ढकलत डोंगराच्या कोपऱ्यात आणतो. आता डोंगर ओलांडून ती पलीकडे जायची. पण वादळ आलं की खिंडींतून ईशान्येचा वारा उलटा सुटतो आणि आलेल्या वाळूला परत लोटतो. आमच्या सोसायटीतला पार्किंगचा विषय नेमका असाच आहे : दोन गट समोरासमोरून जोर लावतात, विषय ना पुढे सरकतो ना मागे, नुसता उंच होत जातो. शिवाय मेडानो नावाचा ओढा आहे. डोंगराकडे निसटू बघणारी वाळू तो वाहून खाली आणतो आणि खोऱ्यात पसरतो, म्हणजे नैऋत्येच्या वाऱ्याला पुन्हा काम.

मुक्कामाचा परवाना मिळतो तो एका अटीवर : वाळूत किमान दीड मैल चालून, रोजच्या पर्यटकांच्या टेकड्या ओलांडून पलीकडे जायचं. दीड मैल म्हणजे आपल्याकडे वडापाव खाऊन परत यायचं अंतर. पण वाळूच्या चढावर एक पाऊल टाकलं की अर्धं खाली येतं, म्हणजे तुम्ही तेच दीड मैल दोनदा चालता आणि हिशेबात एकदाच धरलं जातं. वाऱ्याकडची बाजू जरा घट्ट असते. आडोशाकडची बाजू चौतीस अंशांवर टेकलेली, त्याहून उभी वाळू राहूच शकत नाही. तिच्यावर पाय ठेवला की ती तुम्हाला घेऊन निघते. म्हणून शहाण्याने धारेवरून चालावं. धारेवर वारा असतो, हा त्यातला बारीक अक्षरातला मजकूर.

आणि टेकड्यांत पाणी अजिबात नाही. सगळं पाठीवरून न्यायचं. इथे भाच्याच्या पंथाची पंचाईत झाली, कारण एक लिटर पाणी एक किलोच भरतं आणि पाण्याची दांडी कापता येत नाही.

आम्ही मुद्दाम दुपार कलल्यावर निघालो. उन्हाळ्याच्या दुपारी ही वाळू पासष्ट अंश सेल्सिअसपर्यंत तापते, ज्यात पाय भाजतात आणि पापड बहुधा भाजता येईल. त्या संध्याकाळी वाळू तापलेली नव्हती, ती उडत होती. वाऱ्याने उडणारी वाळू ढगासारखी अंगावर येते असं मला वाटायचं. तसं नसतं. दाणा उडी मारतो, पडतो, पडताना दुसऱ्या चार दाण्यांना उठवतो. हा सगळा खेळ बहुतेक गुडघ्याच्या खालीच चालतो. डोळ्यांपुढे सूर्यास्त अतिशय शांत आणि सुंदर, आणि पोटऱ्यांवर कोणीतरी मूठ मूठ मोहरी मारतंय. भाच्याने वजन वाचवायला हाफ पँट घातली होती. मी माझ्या चारशे ग्रॅमबद्दल एक अक्षरही काढलं नाही. मामाचं काही कर्तव्य असतं.

तंबू त्याचा अभिमानाचा विषय. एवढा हलका की पिशवीत आहे की नाही हे चाचपून बघावं लागे. खुंट्या टायटॅनियमच्या. त्या वाळूत मऊसूत शिरल्या आणि पहिल्याच झोताला तितक्याच मऊसूत बाहेर आल्या. तंबू उठला, फुगला आणि सान हुआन डोंगरांकडे पाठ करून निघाला. भाच्याने सूर मारून एक कोपरा धरला. कोकणकड्यावरून खाली टाकलेली टोपी वारा परत वर आणून देतो हे मी पाहिलं आहे. इथला वारा तसा परत देणाऱ्यांतला नव्हता.

वाळूत तंबू उभा करायचा उपाय एकच आणि तो पंथाच्या मुळावर येणारा. पिशवीत वाळू भरायची, तिला दोरी बांधायची, खड्डा करून आडवी पुरायची, वरून पुन्हा वाळू लोटायची. सगळं वाळूचंच वजन. भाच्याकडच्या झिरझिरीत पिशव्या भरल्या, मग त्याचे ते काट्यावर चढलेले मोजे भरले. वाऱ्याकडचा कोपरा तरीही उठत होता. शेवटी धपाटी गुंडाळलेली कापडी पिशवी बाहेर काढावी लागली. लक्ष्मी रोडवर साडीबरोबर मिळते ना, ती. तिच्यात पाचेक किलो वाळू सहज मावली आणि तंबू गुमान बसला. भाचा त्या पिशवीकडे जरा वेळ बघत राहिला. ‘‘हिचं वजन किती असेल?’’ त्याने विचारलं. सवय.

शेकोटीला टेकड्यांत मनाई आहे, आणि त्या वाऱ्यात काडी पेटली असती असंही नाही. धपाटी गार खाल्ली. चटणीत दाण्याचं कूट कुठे संपतं आणि कोलोरॅडो कुठे सुरू होतो हे फक्त दाताला कळत होतं. वाळू रगडून तेल काढायची आशा आपल्याला शाळेत दाखवलेली असते. मी त्या रात्री रगडली पुष्कळ. तेल आलं ते दाण्यांचं.

एवढी फुकट वाळू बघून मराठी माणसाच्या मनात जे येतं ते माझ्याही आलं : इथे लिलाव कसा झाला नाही? रात्रीचे डंपर कसे नाहीत? तर धोका इथेही होता. या वाळूत सोनं शोधणारे होते, तिचं काँक्रीट करावं असंही घाटत होतं. खोऱ्यातल्या गावांमधल्या बायकांच्या मंडळाने सरकारच्या मागे लागून १९३२ मध्ये ही जागा राष्ट्रीय स्मारक करून घेतली. राष्ट्रीय उद्यान ती २००४ मध्ये झाली. वाळू वाचवायला बायका उभ्या राहिल्या आणि त्यांच्या अंगावर कोणी ट्रॅक्टर घातला नाही, हे वाचून मला फार परकं वाटलं.

मध्यरात्रीनंतर वारा पडला. बाहेर आलो तर आकाशगंगा टेकडीच्या धारेवर टेकलेली, आणि विजेरीच्या उजेडात एक छोटासा प्राणी मागच्या दोन पायांवर उड्या मारत आमच्या तंबूची पाहणी करून गेला. कांगारू उंदीर. हा गडी इथेच जन्म काढतो आणि त्याला पाणी प्यावंच लागत नाही. लागणारं पाणी त्याचं शरीर बियांतूनच मिळवतं. बाटली नाही, तंबू नाही, मोजे नाहीत. मी भाच्याला उठवून म्हटलं, ‘‘ऊठ, तुमच्या पंथाचा महंत आलाय.’’ तो आला तोवर महाराज अंतर्धान पावले होते.

सकाळी पुरलेल्या पिशव्या उकरताना खालची वाळू ओली लागली. वरचा थर वितभर कोरडा, आत बारमाही ओल. उलट्या करून एकेक पिशवी झटकली. मोज्यांतली वाळू मात्र निघेना. भाच्याने ते तसेच घातले आणि कण्हत चालू लागला. आमची आदल्या संध्याकाळची पावलं कुठेच नव्हती, त्यामुळे ओढा ज्या दिशेला ऐकू येईल ती आमची वाट. शेवटचा उतार मी धावत, ओरडत, वयाला न शोभेल असा उतरलो.

मेडानो ओढ्यावर तोवर जत्रा भरलेली. वसंत सरताना वितळलेल्या बर्फाचं पाणी येतं, घोटाभर खोल. तळाच्या वाळूचे छोटे बांध तयार होतात, फुटतात आणि दर काही सेकंदांनी समुद्रासारखी लाट येते, म्हणून माणसं पोराबाळांसकट येतात. एक कुटुंब काठावर पसरलं होतं : घडीच्या खुर्च्या, हॅमॉकसाठी लोखंडी सांगाडा, बर्फाची पेटी, आणि एक रंगीत छत्री जिच्यामागे घरचा कर्ता पुरुष तिसऱ्यांदा धावत होता. वारा पुन्हा उठला होता. भाचा थांबला. सॅक खाली ठेवली, माझ्याकडून लक्ष्मी रोडची पिशवी मागून घेतली आणि त्या माणसाशेजारी उकिडवा बसला.

‘‘वाळू भरा,’’ तो त्याला सांगत होता. ‘‘आणखी. नाही नाही, अजून भरा.’’